पाण्यात सोडवता येणारा सौरघट

मार्च २०१३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात लाकडातल्या सेल्युलोजच्या पट्टीवर बसवलेल्या एका सौरघटावरचा शोधनिबंध आला. अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया टेकमधले बर्नार्ड किपलेन आणि त्यांचे सहकारी, पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री यंगब्लड आणि अमेरिकी वनसेवेतले रॉबर्ट मून असा तो गट होता. निबंधाचे पहिले लेखक यिनहुआ झोऊ. घटाची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उजेडातला विजेत बदललेला वाटा, भरली २.७ टक्के. त्याच वर्षी जानेवारीत हेलियाटेक या जर्मन कंपनीने सेंद्रिय सौरघटासाठी १२ टक्क्यांचा आकडा जाहीर केला होता, तेव्हा शर्यत म्हणून पाहिलं तर २.७ कुठेच नाही. तरीही लवचिक सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्समध्ये वनस्पतिजन्य पदार्थ नेमकं काय करू शकतात हे कुणी विचारलं, तर मी आधी याच निबंधाकडे बोट दाखवतो. घट कसा बनवला हे त्यात जितक्या काळजीने सांगितलंय, तितक्याच काळजीने तो कसा मोडला हेही सांगितलंय.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. इथला 'सेंद्रिय' हा सेंद्रिय भाजीतला नव्हे. कार्बनी रेणूंचे, बहुतेक वेळा बहुवारिकांचे म्हणजे पॉलिमरचे अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर, एवढाच त्याचा अर्थ. हे रेणू प्रयोगशाळेत घडवलेले असतात आणि त्यांचा कच्चा माल बहुतांशी खनिज तेलातूनच येतो. सिलिकॉनसारखा तापलेल्या भट्टीतला स्फटिक त्यांना लागत नाही. शाईसारखे विरघळवून ते पसरवता येतात, आणि म्हणून वाकणाऱ्या पृष्ठभागावर विद्युत मंडल, म्हणजे सर्किट, उभं करण्याची सोय होते. त्यांच्याभोवतीच्या हिरव्या प्रतिमेचा बराचसा भाग मात्र 'सेंद्रिय' या शब्दानेच फुकटात मिळवून दिलाय.

कारण वजनाचा हिशेब वेगळंच सांगतो. अशा घटात उजेड शोषणारा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. तो ज्यावर बसतो ती प्लास्टिकची पट्टी १०० मायक्रोमीटरची धरली, तर ती त्याच्या हजारपट जाड झाली. म्हणजे आपण ज्याला सेंद्रिय सौरघट म्हणतो त्याचा जवळपास सगळा ऐवज ही पट्टीच असते, पेट किंवा तत्सम पेट्रोलियमजन्य प्लास्टिकची, नाहीतर काचेची. प्लास्टिकवर चिकटून बसलेले धातूचे आणि पॉलिमरचे पापुद्रे वेगळे करणं इतकं जिकिरीचं की ते करायला कुणी जात नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या वाटेला लागला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नोंदलेलं आहे. त्यात उद्या वाकणारी, स्वस्त, क्षणभर वापरून टाकायची मंडलं मिसळली तर काय होईल, ही भीती मला खरी वाटते.

जॉर्जिया टेकच्या गटाने हात घातला तो याच पट्टीला.

लाकडातून काचेसारखी फिल्म

सेल्युलोज हे झाडाच्या पेशीभित्तीतलं मुख्य द्रव्य. फ्रान्सच्या आन्सेल्म पाय्याँ यांनी १८३८ मध्ये ते वेगळं करून दाखवलं. ग्लुकोजचे रेणू एकामागोमाग एक जोडून झालेली ही सरळ साखळी. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसून बारीक तंतू होतो. त्या तंतूत काही भाग शिस्तीत रचलेला, स्फटिकी असतो आणि मधे मधे विस्कळीत भाग असतो. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आधी विस्कळीत भाग खातं आणि स्फटिकी काड्या मागे राहतात. स्वीडनमध्ये बेंग्ट रोन्बी यांनी १९४९ च्या सुमारास असे सेल्युलोजचे कण पाण्यात तरंगत ठेवून दाखवले होते, पण त्यांचा उपयोग इलेक्ट्रॉनिक्समध्ये होईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसावं.

या काड्यांना सेल्युलोज नॅनोस्फटिक म्हणतात, बोलताना सगळे सीएनसीच म्हणतात. लाकडातून काढलेली काडी रुंदीला जेमतेम ३ ते ५ नॅनोमीटर आणि लांबीला पन्नास ते काही शे नॅनोमीटर असते. त्या आकारात दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली पारदर्शकता. साधा कागद पांढरा दिसतो तो सेल्युलोज पांढरं असतं म्हणून नव्हे. त्यातले तंतू वीस-तीस मायक्रोमीटर जाड असतात, मधे हवेच्या पोकळ्या असतात, आणि उजेड प्रत्येक सीमेवर विखुरतो. कागदावर तेल सांडलं की तो डाग आरपार दिसायला लागतो, कारण तेल त्या पोकळ्या भरून टाकतं. दृश्य उजेडाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यापुढे ५ नॅनोमीटरची काडी इतकी बारीक की उजेडाला ती वेगळी जाणवतच नाही, आणि अशा काड्या दाटीने बसल्या की फिल्म आरपार दिसते. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात मासाया नोगी आणि हिरोयुकी यानो यांच्या गटाने नॅनोतंतूंचा पारदर्शक कागद २००९ मध्ये दाखवला होता. तिथे तंतू लांब होते, पण तत्त्व हेच.

दुसरी गोष्ट गुळगुळीतपणा. सेंद्रिय घटात ती पारदर्शकतेहूनही महत्त्वाची आहे, असं माझं मत. साध्या कागदाचा खडबडीतपणा मायक्रोमीटरमध्ये मोजतात. १०० नॅनोमीटरचा थर त्यावर पसरणं म्हणजे खडकाळ माळावर धोतर अंथरून ते सपाट राहील अशी अपेक्षा करणं. कुठेतरी टोक वर येतं, खालचा आणि वरचा विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) एकमेकांना टेकतात, आणि घट शॉर्ट होतो. कागदावर इलेक्ट्रॉनिक्स करू पाहणाऱ्या अनेकांना म्हणूनच आधी कागदावर प्लास्टिकचा लेप द्यावा लागला. मग 'कागदी' मंडलात कागदाचं उरतं काय? सीएनसीच्या फिल्मचा खडबडीतपणा काही नॅनोमीटरच्या आत राहतो, त्यामुळे लेपाची गरज पडत नाही.

फिल्म बनवण्याची कृती साधी आहे. सीएनसी पाण्यात विखुरलेलं असतं. ते बशीत ओतायचं आणि सावकाश सुकू द्यायचं. खळ ताटात उरून वाळली की तिचा जसा चकचकीत पापुद्रा सुटतो, तसंच. खळीतला स्टार्च आणि हे सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच अपत्यं आहेत, फक्त जोडणीचा कोन वेगळा, आणि तेवढ्या फरकाने एक पोटात पचतो आणि दुसऱ्याची झाडं उभी राहतात.

पाणी चालत नाही, आणि पाणीच हवं

इथून प्रकरण खरं रंगतं.

आम्लाची प्रक्रिया होताना सेल्युलोजच्या पृष्ठभागावर सल्फेटचे गट चिकटतात. त्यांच्यामुळे प्रत्येक काडीला ऋण भार येतो, काड्या एकमेकींना दूर ढकलतात आणि पाण्यात छान विखुरलेल्या राहतात. सुकल्यावर त्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात. पुन्हा पाणी मिळालं की ते बंधांच्या मधे शिरतं आणि काड्या सुट्या होतात. 'विरघळते' हा शब्द बोलायला सोपा आहे, खरं तर सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, ते विखुरतं. पण परिणाम तोच: फिल्म काही मिनिटांत नाहीशी होते.

आता ज्याला घट बनवायचाय त्याच्या जागी उभे राहा. सेंद्रिय सौरघटात त्या काळी हमखास वापरला जाणारा एक वाहक पॉलिमर होता पेडॉट-पीएसएस. तो मिळतो पाण्यात मिसळलेला. सीएनसीच्या फिल्मवर तो ओतला तर पायाच फुगून विस्कटेल. काचेवर नेहमी वापरतात तो आयटीओ, म्हणजे इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा थर. तो ठिसूळ, वाकवला की तडकतो, आणि इंडियम हा दुर्मीळ धातू. लाकडापासून पाया करायचा आणि त्यावर इंडियम चढवायचं, याला फारसा अर्थ राहत नाही.

गटाने वाट काढली ती त्यांच्याच आदल्या वर्षीच्या कामातून. २०१२ मध्ये झोऊ, किपलेन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की पॉलिइथिलीनइमीन, म्हणजे पीईआय, या अमाइनयुक्त पॉलिमरचा अगदी पातळ थर कुठल्याही वाहकावर दिला की त्या वाहकाचं कार्यफलन, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, बरंच उतरतं. एरवी इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या बाजूला कॅल्शियमसारखे धातू लागत, आणि ते हवा लागताच खराब होतात. पीईआय असेल तर साधी चांदीही ते काम करते. शिवाय पीईआय अल्कोहोल वर्गातल्या द्रावकातून पसरवता येतो, पाणी लागतच नाही.

म्हणून घटाची रचना अशी झाली: तळाला सीएनसी, त्यावर निर्वातात चढवलेला चांदीचा इतका पातळ थर की त्यातून उजेड अर्धामुर्धा पार व्हावा, त्यावर पीईआय, मग उजेड शोषणारं पॉलिमर आणि फुलरीन, म्हणजे कार्बनचे पोकळ गोळ्यासारखे रेणू, यांचं मिश्रण, त्यावर मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि वर पुन्हा चांदी. उजेड खालून, लाकडातून, आत येतो. संपूर्ण बांधणीत पाण्याचा थेंब नाही. पायाचं एक वैशिष्ट्य सांभाळायचं म्हणून वरच्या प्रत्येक थराची निवड बदलली. साहित्य बदललं की रचना बदलावी लागते, हे आपण तोंडाने म्हणतो, इथे ते थराथरात दिसतं.

अंधारात मोजलं तेव्हा घटाने प्रवाह एका दिशेने नीट जाऊ दिला आणि उलट दिशेने अडवला. वाचणाऱ्याची नजर या मोजमापावरून सहज घसरते. पण सीएनसी पुरेसं गुळगुळीत आहे का, याचं उत्तर तिथेच आहे. कुठे शॉर्ट असता तर हे दिसलंच नसतं. २.७ टक्क्यांवर घट अडला त्याचं एक उघड कारण चांदीचा थर: पातळ असली तरी चांदी उजेडाचा मोठा वाटा परत फेकते. पायाने दगा दिला नव्हता.

मोडण्याची कृती

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना एक रीत ठाऊक असते. पाकिटाचा तिकिटाएवढा तुकडा कापून पाण्यात ठेवायचा, डिंक सुटला की तिकीट अलगद निघतं. इथे पाकीटच पाण्यात नाहीसं होतं आणि तिकीट उरतं. साध्या तापमानाच्या पाण्यात घट ठेवल्यावर काही मिनिटांत सीएनसी विखुरलं आणि वरचे थर सुटे झाले. ते गाळून घेतले. मग गाळणीवरच्या अवशेषावर क्लोरोबेंझीन हे द्रावक सोडलं, त्यात उजेड शोषणारा सेंद्रिय थर विरघळून खाली गेला. गाळणीवर उरली चांदी आणि ऑक्साइड.

भट्टी नाही, दळणं नाही, आम्लाचे हौद नाहीत. प्रत्येक थर आधीच्या द्रावकाला दाद न देणारा आणि पुढच्याला देणारा, असा क्रम लावलेला. ही कृती वाचून मला जो आनंद झाला तो कार्यक्षमतेच्या कुठल्याही आकड्याने झाला नसता. कुठलीही वस्तू बांधणाऱ्याने ती सोडवायची कशी हे बांधतानाच ठरवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि इथे ते ठरवलेलं होतं.

पण यात खटकणाऱ्या जागा आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. क्लोरोबेंझीन विषारी आहे. प्रयोगशाळेत काही मिलिलिटर चालतं, कारखान्यात त्याचा बंदोबस्त हा वेगळा खर्च आणि वेगळा धोका. नॅनोस्फटिक काढायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि ते धुऊन काढायला, परत मिळवायला भरपूर पाणी आणि ऊर्जा. झाड पुन्हा उगवतं म्हणून त्यातून निघालेला प्रत्येक पदार्थ आपोआप स्वच्छ होत नाही. पुरवठ्याची बाजू मात्र तेव्हाच आकार घेऊ लागली होती: कॅनडात क्वेबेकमधल्या विंडसर इथे सेल्युफोर्स या कंपनीचा दिवसाला १ टन सीएनसी काढणारा प्रकल्प २०१२ च्या सुरुवातीला उघडला, आणि त्याच वर्षी अमेरिकी वनसेवेच्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या प्रयोगशाळेत नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी कारखाना सुरू झाला. कागदाचा खप घटत असताना लगद्याला नवं गिऱ्हाईक शोधणं ही त्या उद्योगाची गरजच होती.

आणखी एक. शुद्ध सीएनसीची फिल्म कडक आणि ठिसूळ असते. ताठ काड्यांची दाट रचना वाकायला नाखूश असते. ती खऱ्या अर्थाने लवचिक करायला ग्लिसरॉलसारखं काहीतरी मिसळावं लागतं. तेव्हा 'लवचिक' हा शब्द या प्रकरणात थोडा जपून वापरायला हवा.

पुढची दोन वर्षं

२०१४ मध्ये याच गटाने कार्यक्षमता ४ टक्क्यांवर नेली, आणि ती ज्या युक्तीने नेली ती मोठी सुरेख आहे. पाण्यातला पेडॉट-पीएसएस सीएनसीच्या घटावर ओतता येत नव्हता. त्यांनी तो दुसरीकडेच सुकवून त्याची फिल्म केली आणि ती सुकी फिल्म उचलून घटावर वरून चिकटवली. पाणी घटापर्यंत पोचलंच नाही. वरचा अग्र आता चांदीपेक्षा पारदर्शक झाला आणि उजेड वरून आत येऊ लागला. घट पूर्वीसारखाच सुटा करता येत होता.

२०१५ मधलं काम सौरघटाचं नव्हे, ट्रान्झिस्टरचं. सीएनसीमध्ये ग्लिसरॉल मिसळून केलेल्या पायावर सेंद्रिय ट्रान्झिस्टर बसवले. त्यांची सरासरी गतिशीलता, म्हणजे विद्युतभार त्यातून किती सहज सरकतो याचं माप, ०.११ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद आली. सेंद्रिय ट्रान्झिस्टरसाठी हा आकडा कामचलाऊ म्हणावा असा, आणि तेही कमी व्होल्टेजवर. पण त्या निबंधातला माझ्या दृष्टीने मोलाचा भाग वेगळा आहे. ट्रान्झिस्टर उघड्या हवेत टिकावेत म्हणून त्यांनी सीएनसीच्या पायावर आधी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढवला, अणूंचा एकेक पदर रचत जाणाऱ्या पद्धतीने. तो थर दोन गोष्टी अडवतो: पायातून आरपार येणारा ओलावा, आणि खुद्द पायातूनच बाहेर झिरपणारी रसायनं.

म्हणजे पाया आता निव्वळ बिनबोलका आधार राहिला नाही. तो दमट होतो, त्यातून काहीतरी पाझरतं, आम्लाच्या सल्फेटच्या खुणांमुळे तो तापवल्यावर लवकर करपू शकतो. प्लास्टिकची पट्टी या बाबतीत मुकी असते, आणि म्हणूनच ती आजवर जिंकत आली. वनस्पतीपासून आलेला पदार्थ जिवंतपणाचा थोडा अंश घेऊन येतो. तो ओल धरतो, कारण झाडात त्याचं कामच तसं होतं.

आपल्याकडचा धागा

हे सगळं अटलांटा आणि विस्कॉन्सिनचं असलं तरी त्याचा एक धागा मुंबईत येतो. माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेली कापसाची तंत्रज्ञान प्रयोगशाळा, म्हणजे आजची सिरकॉट, कापसापासून नॅनोसेल्युलोज काढण्यावर काम करत आली आहे आणि तिथे त्याचा पथदर्शी कारखानाही आहे. कापसातली रुई काढून घेतल्यावर सरकीला जी बारीक लव राहते ती लिंटर, आणि ती जवळपास निव्वळ सेल्युलोजच असते. लाकडातून सेल्युलोज काढताना आधी लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं द्रव्य, सोडवावं लागतं, त्यात रसायनं आणि ऊर्जा खर्च होते. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. त्या दृष्टीने विदर्भ-मराठवाड्याच्या हातात लाकूडवाल्यांपेक्षा सरस कच्चा माल आहे.

उसाच्या चिपाडाबद्दल मात्र मी इतक्या उत्साहाने बोलणार नाही. चिपाडात सुमारे ४० टक्के सेल्युलोज असतं आणि ते कारखान्याच्या दारात ढिगाने पडलेलं दिसतं, म्हणून 'वाया जाणारं' असं त्याला पटकन म्हटलं जातं. ते वाया जात नाही. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये तेच जळतं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, गोष्ट निराळी. वेचणी संपल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी पुष्कळ ठिकाणी बांधावर पेटवून देतात. तिच्यात लाकडासारखंच लिग्निन असतं, सेल्युलोज काढायला कष्ट पडतील, पण तिथे 'वाया जाणारं' हा शब्द खरा आहे.

राहिलेला प्रश्न

२०१३ च्या निकालानंतर गटाने पुढची उद्दिष्टं सांगितली होती: कार्यक्षमता १० टक्क्यांच्या पुढे न्यायची आणि घटाला पाण्यापासून वाचवणारं आवरण द्यायचं. पहिल्याची मला चिंता नाही. काचेवरचे एकेरी, म्हणजे उजेड शोषणारा एकच थर असलेले, सेंद्रिय घट आता प्रयोगशाळेत १९ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत, आणि त्यातले बरेच रेणू व द्रावकं सीएनसीलाही चालण्यासारखी आहेत.

दुसरं अवघड आहे. पाण्याने सुटणारी वस्तू कोकणात जून ते सप्टेंबर छपरावर कशी टिकवायची, आणि टिकवलीच तर शेवटी ती पाण्याने सुटेल कशी? ऑक्साइडचा थर वरून दिला तर घट वाचतो, पण पाया मागून आणि कडांनी उघडाच राहतो. सगळीकडून बंद केला तर बादलीत टाकूनही तो सुटणार नाही. सुटका कडेत असावी असं मला वाटतं. चारी बाजूंनी ओलावा अडवणारं पातळ आवरण, आणि आयुष्य संपल्यावर दुधाच्या पिशवीचा कोपरा कापावा तशी एकच कड कात्रीने उघडायची. मग पाणी त्या फटीतून आत शिरेल, आधी कडेचं सेल्युलोज सुटं होईल, मग त्याच्या शेजारचं. मोठ्या पॅनेलमध्ये मधल्या भागापर्यंत पाणी पोचायला मिनिटं लागतील की दिवस, हे फिल्मच्या जाडीवर आणि तिच्यातल्या ग्लिसरॉलवर ठरेल. ते मोजून पाहायला एक बशी, थोडं सीएनसी आणि एक घड्याळ पुरेल.